निवळशंख पाणी

शहाडपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत रेल्वेचे जेवढे पूल होते, तेवढे टर्नबुल साहेबाच्या ताब्यात. असा माणूस सुट्टीवर विलायतेला निघताना कशाची काळजी करील? तर सात माशांची. अठराशे त्र्याऐंशी सालच्या शिमग्यानंतर त्यानं मला बंगल्यावर बोलावलं तेव्हा मला वाटलं, बढतीचं काही असेल. मी कल्याणच्या तारऑफिसात होतो. इंग्रजी बरं लिहायचो आणि त्याहून बरं लिहितो असं समजायचो. साहेबानं व्हरांड्यातल्या काचेच्या पेटीकडे बोट दाखवलं आणि सहा महिने ही सांभाळशील का, असं विचारलं. साहेबाला नाही म्हणायची तेव्हा आमच्यात पद्धत नव्हती.

पेटी दीड हात लांब, हातभर उंच. कडा लोखंडी, बूड काळ्या पाटीच्या दगडाचं. आत वाळू, पाणवेलीचे चार झुबके आणि केशरी रंगाचे सात चिनी मासे. मुंबईच्या बंदरात कुणा खलाशाकडून साहेबानं ते घेतले होते. पाणी मात्र हिरवट होतं, आणि ते पाहून मी मनात नाक मुरडलं. एवढा मोठा साहेब, आणि घरात डबकं!

पेटी बैलगाडीतून पारनाक्याला आमच्या घरी आणली ती साहेबाच्या बटलरनं, झेवियरनं. तो ठाण्याजवळच्या बाळकुमचा. साहेब नाही तर बंगल्यावर काम नाही, म्हणून तोही गावी चालला होता. मासे त्यानं मातीच्या मडक्यातून आणले, पेटी ओटीवर उजेडाच्या बाजूला लावली आणि जाताना मला बजावलं.

"मास्तर, पानी हिरवं झालं तं होऊ द्या. त्यास हात लावू नका. रोज दोन करवंट्या काढा, दोन करवंट्या घाला. तल्याचं पानी, मातीच्या मडक्यात ठेवलेलं. बस. हिरवं तेच त्यांचं घर हाय."

"बरं बरं," मी म्हणालो. बाळकुमच्या बटलरनं तारमास्तराला अक्कल शिकवावी याचा मला राग आला होता, आणि तो मी लपवलाही नाही.

त्या काळी बायकोचं नाव चारचौघांत घेत नसत. आता मी सत्तरीला आलोय, माझं कोण काय वाकडं करणार? तिचं नाव उत्तरा. मासे घरात आले तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि तिची दोन मुलं जाऊन चुकली होती. थोरला दिगू आणि त्याच्या पाठची चंपी. दोघंही दुसरं वर्ष पुरं होण्याआधी गेली आणि एकाच दुखण्यानं गेली. आधी पोट टणक व्हायचं, मग डोळे पिवळे पडायचे, मग पोर सारखं चिडचिड करायचं आणि शेवटी चिडायचंही थांबायचं. वैद्य झाले, अंगारे झाले, रेल्वेचा डॉक्टर झाला. कुणाला काही कळलं नाही.

कळलं ते फक्त समोरच्या आवडाबाईंना. "पोरगी गोड आहे हो, पण हाताला गुण नाही," असं त्या येईल त्याला सांगायच्या. माणूस वाईट नव्हत्या त्या. आमच्या दोन्ही वेळेला त्यांनीच आमच्याकडे पिठलंभात पाठवला होता. पण जिभेला हाड नव्हतं. फिरत फिरत ते उत्तराच्या कानावर आलं आणि तिला ते पटलं. ती कुणाचं मूल उचलून घेईनाशी झाली. बारशाला गेली तर दाराशी उभी राहायची. अंगणातल्या तुळशीलासुद्धा मलाच पाणी घालायला लावायची.

तर मासे पाहून ती म्हणाली, "माझ्या हातात जिवंत काही देऊ नका."

"मग काय मी घालू त्यांना खायला? मी जातो सकाळी सातला," मी वैतागून म्हणालो. खरं सांगायचं तर मला कंटाळा होता. तिचं दुःख मला दिसत होतं, पण माझा कंटाळा मला जास्त दिसत होता.

तिनं केलं. झेवियरनं सांगितलं होतं तसंच, अक्षरही न बदलता केलं. शेणाळे तळ्यावरून घागर आणायची, मातीच्या मडक्यात ओतून ठेवायची, रोज दोन करवंट्या काढायची, दोन घालायची. खायला कणकेची चिमूट. पहिले आठ दिवस ती हात लांब ठेवून, वरूनच चिमूट सोडायची. मग एक दिवस मी ऑफिसातून आलो तर तिचं बोट पाण्यात होतं आणि एक मासा ते चोखत होता. मला पाहून तिनं बोट चटकन बाहेर काढलं आणि पदराला पुसलं. चोरी पकडल्यासारखी हसली. दोन वर्षांत मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं.

महिन्यानं ती मला ताट वाढता वाढता म्हणाली, "अहो, महिना झाला. सातही आहेत."

मी जेवत होतो. "मग? सातच दिलेत साहेबानं," मी म्हणालो. पण ती काय म्हणतेय ते मला कळलं होतं. तिच्या हाताखाली सात जीव जगले होते, एक महिना जगले होते. त्या दिवसापासून त्या माशांची मलाही काळजी वाटू लागली. ते साहेबाचे होते म्हणून नव्हे. ते जगले तर माझी बायको मला परत मिळणार होती.

असं सगळं नीट चाललं होतं, आणि ते मी बिघडवलं.

चैत्रात उन्हं वाढली तसं पाणी आणखी हिरवं झालं. गल्लीतले लोक साहेबाचे मासे बघायला यायचे आणि काचेला नाक लावून उभे राहायचे. मध्येच एखादी केशरी शेपटी दिसायची आणि हिरव्यात नाहीशी व्हायची. एका रविवारी आमचे स्टेशनमास्तर आले. पेटीसमोर खुर्ची टाकून बसले, पाच मिनिटं पाहत राहिले आणि म्हणाले, "छान. आता यात दोन मिरच्या आणि चिंचगूळ टाका, म्हणजे आळूचं फतफतं झालं." सगळे हसले. मीही हसलो. ते गेल्यावर मी उत्तराला म्हणालो, "उद्यापासून हे डबकं बंद. पाणी बदलायचं, सगळं. हंड्यातलं घालायचं."

हंडा म्हणजे आमचा तांब्याचा हंडा, तिच्या माहेरून आलेला. तांब्यात रात्रभर ठेवलेलं पाणी म्हणजे पाण्यात सगळ्यात शुद्ध. हे मला आजीनं सांगितलं होतं, वैद्यानं सांगितलं होतं, आणि कुणी सांगायची गरज तरी काय? ते सगळ्यांना ठाऊकच असतं. घरात साहेबाचे मासे, आणि त्यांना तळ्याचं पाणी, तेही मडक्यातलं? देवाला आणि पाहुण्याला आपण हंड्यातलंच देतो की नाही?

"पण झेवियर म्हणाला होता," ती हळूच म्हणाली.

"झेवियरला काय कळतंय? मी सांगतोय ना."

एवढंच बोलून थांबलो असतो तरी पुरे होतं. पण मी वर म्हणालो, "आणि हंडा चांगला चिंचेनं घास. काळा पडलाय."

तिनं घासला. काम करायची ती तर जीव ओतून. पेटी रिकामी केली, वाळू धुतली, काचेवरचं शेवाळ राखेनं काढलं आणि हंड्यातलं पाणी घातलं. काय सांगू, आरपार! वाळूचा कण न् कण मोजावा असं निवळशंख पाणी. सातही मासे एकाच वेळी दिसले. आवडाबाईसुद्धा पदर सावरत येऊन पाहून गेल्या आणि "बाई, हे तर देवघरात ठेवण्यासारखं केलंस," म्हणाल्या. मी स्टेशनमास्तरांना मुद्दाम चहाला बोलावलं. मला फार अभिमान वाटला. तो आठवला की आजही मला माझी लाज वाटते.

चौथ्या दिवशी एक मासा कोपऱ्यात जाऊन बसला. पंख अंगाशी आवळलेले, अंगावर पांढरट साय धरलेली. दुसऱ्या दिवशी तो वर तरंगत होता.

"एखादा जायचाच," मी म्हणालो. "पाणी शिळं झालं असेल. रोज बदलत जा."

ती रोज बदलू लागली. दोन दिवसांनी दुसरा गेला. मला वाटलं, हंड्याला कुठेतरी काळं राहिलं असेल, त्याचा दोष. ती आतून बाहेरून घासू लागली, बोटांची सालं निघेपर्यंत. हंडा लखलखायचा, पाणी आणखी निवळ दिसायचं आणि आणखी एक मासा कोपऱ्यात जाऊन बसायचा. स्वच्छता जेवढी वाढवावी तेवढं मरण वाढत होतं. मी काचेसमोर बसून बघत राहायचो. पाण्यात काही नव्हतं. घाण नाही, किडा नाही, वास नाही. दोष काढायला काहीतरी दिसावं तरी लागतं ना! हिरव्या डबक्यात महिनाभर सात जगले, आणि देवाला चालेल अशा पाण्यात तीन गेले.

आणि ताक पितळेच्या भांड्यात ठेवलं तर कळकतं, हे आमच्या घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. आंबट लागलं की तांबं-पितळ अन्नात उतरतं. ते मला आठवायला नको होतं का? नाही आठवलं. ताक वेगळं आणि पाणी वेगळं. पाण्यानं काही होत नाही, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं होतं.

चौथा मासा गेला त्या दिवशी आवडाबाई दारातून काही बोलल्या नाहीत, नुसता सुस्कारा टाकला. तो पुरेसा होता. उत्तरानं त्या दिवसापासून पेटीला हात लावला नाही. "तुम्ही घाला," म्हणाली. मी ऑफिसला जायच्या आधी पाणी बदलू लागलो, कणिकही मीच टाकू लागलो. पाचवा माझ्या हातून गेला. मला, खोटं का बोला, जरा सुटल्यासारखं वाटलं. "बघ," मी म्हणालो, "आता तर तुझा हातच लागला नव्हता."

"हंडा मीच घासला होता," ती म्हणाली.

ती तोंडानं रडत नव्हती. चुलीपुढे बसून आपल्या दोन्ही हातांकडे बघत होती, दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे. मला ते बघवेना. तिला जवळ घ्यावं असं वाटलं, पण दिवसाउजेडी, ओटीवर माणसं, आणि आम्ही त्या काळची माणसं. मी टोपी घातली आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी ठाण्याची गाडी धरली. ठाण्याहून बाळकुमपर्यंत पायी. अक्कल शिकवतो म्हणून ज्याच्यावर चिडलो होतो त्याच्याकडे विचारायला चाललो होतो. उन्हात चालताना ते मला पावलोपावली टोचत होतं, आणि टोचू दे असंही वाटत होतं.

झेवियर खाडीकडेच्या घरापुढे जाळं विणत बसला होता. त्याची बायको गर्ट्रूड हिनं मला पाट दिला, गूळपाणी दिलं. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता, हात चालूच होते. हंड्याचं नाव निघालं तेव्हा हात थांबले.

"तांब्याच्या हंड्यात? मास्तर, काय केलंत!"

"का? तांब्यातलं पाणी शुद्ध नसतं?"

"मानसास असंल. माझा बाप माझगावच्या गोदीत होता. गोऱ्यांची लाकडी जहाजं असतात ना, त्यांच्या बुडाला तांब्याचा पत्रा मारतात. इतकं म्हाग तांबं पान्यात कशापायी बुडवतात, सांगा. शोभेस? बुडाला शेवाल धरू नये, कालवं चिकटू नयेत म्हनून. तांब्याच्या अंगाला पान्यातला जीव टिकत नाय. चिकटला तं मरतो."

"पण पाणी तर इतकं स्वच्छ..."

"मंग तेच ना! काय जितंच नाय त्यात, तं घान कोन करंल? आनि हंडा घासायचे कशानं?"

"चिंचेनं."

झेवियरनं कपाळावर क्रूस काढला. "चिंचेनं तं तांबं जास्तच सुटतं. वयनीला सांगा, आजच काढा भाईर. मातीचा कुंडा, तल्याचं पानी. सायबानं मलापन पयल्याच दिवशी हेच सांगितलेलं. मी तुमास बोल्लो तवा तुमी ऐकलंत नाय." मग माझं तोंड पाहून म्हणाला, "जाऊ द्या. तुमास म्हाईत नव्हतं."

परतीच्या गाडीत मला रडू येत होतं, आणि आनंदही होत होता. हात नव्हता! तिचा हात नव्हता. तांबं होतं. हे तिला कधी सांगेन असं झालं होतं मला. पाच मासे गेले ते गेले, साहेबाची बोलणी खाईन, पण हे एक वाक्य घेऊन मी घरी चाललो होतो.

घरी पोचलो तर सहावाही गेला होता. राहिलेला एकुलता एक आडवा होऊन तळाशी पडला होता, कल्ले तेवढे हलत होते. मी सदरा न काढताच शेणाळ्यावर पळालो, घागर भरून आणली, परसातला तुळशीचा जुना मातीचा कुंडा धुऊन त्यात ओतली. मासा ओंजळीत धरायचा कुणी? मी तिला म्हणालो, "तूच धर." ती मागे सरली. मी हुकूम केला, हो, पुन्हा हुकूमच. तिनं डोळे मिटले, हात पाण्यात घातले आणि मासा उचलून कुंड्यात सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो तसाच होता, आणि तो जगल्याशिवाय तिला पटणार नाही म्हणून माझं ते वाक्य मी अजून बोललो नव्हतो. तिसऱ्या दिवशी सकाळी सरळ झाला. अंगावरची साय सुटत आली होती. मी कणकेची चिमूट टाकली, त्यानं ती वर येऊन घेतली.

"बघ!" मी ओरडलो. आवडाबाईंना ऐकू जावं म्हणून मुद्दाम ओरडलो. "तुझ्याच हातानं वाचला. झेवियर म्हणाला तेच खरं. तुझा हात नव्हता, हंडा होता. तांबं पाण्यात उतरतं आणि जीव मारतं. आणि दोष असेल तर माझा, हुकूम माझा होता."

ती हसेल असं मला वाटलं होतं. निदान रडेल. ती कुंड्याशी बसून माशाकडे बघत राहिली.

"पाण्यात उतरतं," ती म्हणाली.

"हो."

"दिसत नाही?"

"नाही दिसत. तीच तर गंमत आहे."

"चिंचेनं घासलं की जास्त उतरतं."

"झेवियर तसं म्हणतो."

मी माझ्याच आनंदात होतो, मला काही सुचलं नाही. मग ती म्हणाली, "दिगूला वरचं दूध घालावं लागलं होतं. मला अंगावरचं येत नव्हतं. निम्मं दूध, निम्मं पाणी. हंड्यातलं."

"वेडी आहेस का?" मी म्हणालो. "सगळा गाव तांब्यातलं पाणी पितो. तू पितेस, मी पितो. आपल्याला काय झालं?"

"आपण मोठी माणसं आहोत."

"माणसं म्हणजे मासे नव्हेत, उत्तरा." पहिल्यांदाच मी तिला तोंडावर नावानं हाक मारली. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

"चंपीच्या वेळी मी जास्त जपलं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "दिगूच्या वेळी दोन-चार दिवसांनी घासायची. तो गेला तेव्हा वाटलं, माझीच काही हयगय झाली असेल. म्हणून चंपीच्या वेळी रोज घासला. दिवसातून दोनदा घासला."

मी नाही म्हणालो. तीन-चारदा म्हणालो. तसं काही नसतं, म्हणालो. ती माझ्याकडे पाहत राहिली. माझं म्हणणं तिला खरं मानायचं होतं, फार मानायचं होतं, ते मला दिसत होतं. आणि मला काही माहीत नव्हतं.

पुढं हातगुणाचं खूळ तिच्या डोक्यातून गेलं, एवढं मात्र झालं. ती शेजारची पोरं उचलून घेऊ लागली. आवडाबाईंच्या नातवाला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं. आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. हंड्यातल्या पाण्यानं लहान मूल दगावतं का, असं मी रेल्वेच्या डॉक्टरला विचारलं, तो हसला. दोन वैद्यांना विचारलं, ते चिडले. बदली होऊन नवा डॉक्टर आला की मी आधी जाऊन त्याला विचारायचो. गेल्या चाळीस वर्षांत मी अकरा जणांना विचारलं. अकराही जण नाही म्हणाले, आणि दर वेळी ते तिला सांगायला मी घाईघाईनं घरी आलो. ती नीट ऐकून घ्यायची आणि दर वेळी एकच विचारायची, "त्यांना ठाऊक आहे म्हणून म्हणाले, की तुमच्याकडे बघून म्हणाले?"

ते मला एकदाही सांगता आलं नाही.